फक्त

पाच वर्षांत माझ्याकडे आलेली
सगळ्यात छोटी दुरुस्ती :
एक शब्द वजा.
पान तेवीस, पायरी चौथी,
‘आता फक्त जुनी फाइल आत घ्या’
यातला ‘फक्त’ काढा.
कारण : मी इथे दीड दिवस बसले होते.
खाली नाव, जयवंती भानजी, वेसावे.

मी कांजूरमार्गला, रात्री साडेअकराला,
एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून
तिला आमची नियमावली पाठवली.
एकोणीस कलमं.
आधी खातं उघडा, मग शाखा काढा,
शाखेचं नाव असं ठेवा, तसं नको,
चर्चेशिवाय शब्दाला हात नको.
शेवटी सवयीने लिहिलं :
आपल्या सहभागाचं स्वागत आहे.

स्वागत फारच झालं असावं.
ती पुन्हा आली नाही.

मी मात्र दर डिसेंबरात रडगाणं गायचो :
हिशेबाचं एवढं चांगलं सॉफ्टवेअर,
फुकट, खुलं, कुणीही उघडून बघावं असं,
वापरतात हजारो,
आणि माहिती लिहायला आम्ही तिघं,
त्यातला एक लग्नानंतर दिसलेला नाही.
लोकांना फक्त घ्यायचं असतं, म्हणायचो.
(हा बघा, इथेही आलाच.)

मार्चमध्ये वेसाव्याला काम निघालं,
मेहुण्याच्या गाडीचे कागद.
ते झाल्यावर सोसायटीचं ऑफिस शोधलं.
खाली बर्फाचा कारखाना, वर दोन टेबलं,
खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कीबोर्ड.
ती फोनवर डिझेलवाल्याशी भांडत होती.
माझं नाव ऐकलं, फोन ठेवला,
स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.
“बसा. करा चौथी पायरी.”

केली.
ऐंशी बोटी, ऐंशी नाखवे,
सगळ्यांची नावं चौकोन होऊन आली.
बाप चौकोन, आडनाव चौकोन,
समोर बाकी मात्र अचूक, पैशासकट.
कुणाची ते देव जाणे.
जुना फाँट, म्हणालो.
“ते मलाही कळलं,” ती म्हणाली, “दुसऱ्या दिवशी.”
माझा चहा गार झाला, दुसरा आला, तोही.
खालून बर्फ फोडल्याचा आवाज
आणि मीच लिहिलेलं पान तेवीस
माझ्याकडे बघत होतं.

मग तिने कपाटातून वही काढली.
लांबलचक, लाल पाठीची, डिझेलच्या नोंदींची.
मागच्या बाजूने उलटी सुरू केलेली.
पायरी चौथीला तिने सात पायऱ्या केल्या होत्या.
तिसरीत लिहिलं होतं :
इथे चौकोन दिसतील. घाबरू नका. फाइल गेलेली नाही.
पाचवीच्या बाजूला बाण : जेवून या, वेळ लागतो.
मढचे, खारदांड्याचे, माहुलचे
या पानांचे फोटो काढून नेतात, म्हणाली.
कुणी नवीन खोच सांगितली
की ती समासात चढवते.

म्हणजे लोक लिहीत होते.
माझ्या फाटकापाशी नव्हते एवढंच.

एकोणीस कलमं मी त्याच रात्री उतरवली.
तिथे आता एक ओळ आहे :
कुठे अडलात ते सांगा, जमेल त्या शब्दांत.
शाखा-बिखा आम्ही काढू.
वहीचे फोटो येऊ लागलेत,
एक आलाय चक्क मासळीच्या पावतीवर,
वास तेवढा यायचा राहिला.
आणि ‘फक्त’ काढला. शोधून शोधून,
पूर्ण पुस्तकात एकशे बारा निघाले,
बहुतेक माझेच.

जयवंतीबाईंचं नाव घालायचं तर त्या म्हणाल्या,
अक्षर माझं. पण ते ‘घाबरू नका’
माहुलच्या एका पोराने सांगितलेलं,
त्याचं नाव विचारून कळवते, आधी ते घाला.
ते अजून आलेलं नाही.
यादीत वरची ओळ रिकामी ठेवली आहे.

काल कुणीतरी नव्याने दुरुस्ती पाठवली :
वर चुकून एक ओळ मोकळी राहिली आहे, काढावी.
पहिलीच दुरुस्ती आहे तिची.
उत्तर लिहायला बसलोय.
धन्यवाद, ती जागा राहू द्या, फक्त

खोडलं.
पुन्हा लिहितो.